पहिल्या घोटाला धन्यवाद

डेपोत पहाटे साडेचारला येर्बाच्या चहाचा पेला फिरतो.
एकच पेला, एकच धातूची नळी, सात ड्रायव्हर.
आमच्या माँतेविदेओत पेला परत देताना
'धन्यवाद' म्हटलं, की त्याचा अर्थ: पुरे, मला आता नको.
मी पहिल्याच घोटाला धन्यवाद म्हणते.
विल्मारला वाटतं मी शिष्ट आहे.
वाटू दे.
त्याला कसं सांगू, की हा कडू हिरवा घोट
सेरोच्या चढावर, बरोबर अकराव्या थांब्यापाशी,
पोटात मूठ आवळतो,
आणि मागे बावन्न माणसं असतात
ज्यांना कामावर वेळेत पोचायचंय.

तीन वर्षं मी हे शहर संडासांवरून ओळखत होते.
पेट्रोल पंप: किल्ली मागावी लागते, तिला लाकडाचा ठोकळा बांधलेला,
अख्ख्या रांगेला कळतं तुम्ही कुठे निघालात.
फुलवाली ओफेलिया: काही विचारत नाही, पडदा सरकवते.
बंदराकडची बेकरी: सोमवारी बंद.
सोमवार मला कधीच आवडले नाहीत.

नळी घातली, आतून फोटो काढले, रक्त नेलं.
गव्हाचं बघितलं, थायरॉइडचं बघितलं.
सगळं स्वच्छ.
बहीण म्हणाली, बघ, काही नाहीये तुला.
ते 'काही नाही' पोटाशी धरून
मी न्हाणीघराच्या गार फरशीवर दीड वाजेपर्यंत बसले.

डॉक्टर इरिगारायबाईंनी मात्र खुर्ची पुढे ओढली.
म्हणाल्या, आतडं आणि डोकं, एका भिंतीचे शेजारी.
तुमची भिंत पातळ आहे.
तिकडे कुणी स्टूल सरकवलं तरी इकडे दचकायला होतं.
दुखणं खरं आहे. त्याला नाव आहे.
मी ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं
आणि खाली रेघ मारली, दोनदा.

वही अजून आहे. तेलाचे डाग पडलेत.
"मंगळवार. कांदा. चार तासांनी कळ."
"बुधवार. कांदा नाही. तरी कळ. तपासनीस चढला होता."
"एकोणतीस तारीख. बहिणीकडे न्योकी, रिवाजाप्रमाणे ताटाखाली नोट,
लसूण भरपूर. खाल्लं. हसले. भोगलं."
"शनिवार. काही नाही."
ते 'काही नाही' वेगळं.

सहा आठवडे कांदा, लसूण, गहू, सफरचंद, राजमा बंद.
मग एकेक परत, तीन-तीन दिवस,
संशयितांना ओळखपरेडीला उभं करावं तसं.
गहू थोडा चालतो. लसूण गुन्हेगार.
सफरचंदाची मी माफी मागितली.
ओट्सची पेज चमच्याचमच्याने वाढवली.
आणि श्वास. लाल सिग्नलला
पोट फुगवून आत, सावकाश बाहेर, हिरवा होईपर्यंत.
या शहरात इतके सिग्नल कशाला,
अशी तक्रार मी आता करत नाही.

बरी झाले? नाही.
वाईट आठवडे येतात, नदीवर वारा सुटतो तसे, न कळवता.
शेवटी एकदा डेपो-प्रमुखाच्या टेबलासमोर उभी राहिले,
पोटातलं ओठावर आणलं, अक्षरशः.
त्यांनी शेवटच्या थांब्यावर चार मिनिटं वाढवून दिली.
चार मिनिटं.
एवढ्यासाठी मी तीन वर्षं गप्प होते.

जुलैच्या थंडीत नवा पोरगा आला, माइकोल, तेवीसचा.
आज पहाटे त्याने पेला घेतला, एक घोट, परत दिला.
धन्यवाद, म्हणाला.
विल्मारची भुवई वर गेली.
बाहेर बसची काच पुसता पुसता मी विचारलं,
कितव्या थांब्याला?
तो कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, नवव्या.
रक्त जातं? वजन उतरलंय? रात्री झोपेतून उठवतं?
नाही, नाही, नाही.
तरी आधी दवाखाना गाठ, म्हटलं, माझ्यावर विसंबू नकोस.
मग तिकिटांच्या रोलचा तुकडा फाडून
त्याला नकाशा काढून दिला.
पंप, ठोकळ्याची किल्ली. ओफेलिया, पडदा.
बेकरीपुढे लिहिलं, सोमवार सोडून.